पुष्पकात जागा किती?

ज्यांना ऐकायला सवड मिळत नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतोय. बोलताना जिथे अडखळलो तेवढं गाळलंय, बाकी बहुतेक तसंच आहे.

आधी एक खुलासा, कारण दर वेळी कुणीतरी विचारतंच. मी चिखलीहून बोलतो, म्हणजे बुलडाणा जिल्ह्यातल्या चिखलीहून. पिंपरी-चिंचवडवाली चिखली वेगळी.

आमच्या घरी भिंतीवर एक जुना फोटो आहे. सैलानीच्या यात्रेत काढलेला. होळीच्या सुमाराला भरणारी ही यात्रा आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे फोटोवाल्याच्या तंबूत प्लायवूड कापून रंगवलेलं एक विमान असायचं. मागे निळा पडदा, त्यावर पांढरे ढग. विमानाच्या मागे बाकडं. त्या बाकड्यावर बाबा, आई, ताई आणि मी. बाबांचा हात विमानाच्या कडेवर असा ठेवलेला, जसा एसटीच्या खिडकीवर ठेवतात. आई कॅमेऱ्याकडे न बघता माझ्याकडे बघतेय, कारण मी पडेन अशी तिला भीती. आमच्या घराचा पहिला विमानप्रवास हा. एक रुपयात की दोन रुपयांत, ते आता कुणालाच आठवत नाही.

परवा माझ्या पोरीने तो फोटो पाहून विचारलं, "बाबा, असं छोटं विमान खरंच असतं का? आपण रविवारी लोणारला जाऊन येऊ शकतो का त्यात?" मी हसलो. मग लक्षात आलं की मला उत्तर येत नाही. मोठ्या विमानाचं तिकीट काढता येतं, ते आता आपल्याकडेही बरेच जण काढतात. पण स्वतःचं किंवा क्लबचं छोटं विमान काढायचं, बायकापोरांना बसवायचं आणि शनिवार-रविवार फिरून यायचं, हे आपल्याकडे का झालं नाही? का कुणी प्रयत्नच केला नाही? प्रयत्न झाला होता, आणि त्यात मराठी माणसंही होती. आजचा भाग त्यावर.

जुहूचा चिखल

सुरुवात मुंबईत. १९२८ साली जुहूला विमानतळ सुरू झाला आणि त्याच साली बॉम्बे फ्लाइंग क्लब निघाला. त्या काळात नागरी विमान म्हणजे फार तर डी हॅविलंड मॉथ. वर-खाली दोन पंख, कापड मढवलेलं, एकामागे एक दोन जागा, वर छप्पर नाही. आज आपण त्याला विमान म्हणायला कचरू. पण या क्लबात शिकून १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना वैमानिकाचा परवाना मिळाला, भारतात दिलेला पहिला. त्यावर क्रमांक १.

हे सगळे हौशी लोक होते, ही गोष्ट आपण विसरतो. १९३० सालची गोष्ट. इंग्लंड आणि भारत यांच्यामध्ये, कोणत्याही बाजूने, एकट्याने विमान नेणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांनी बक्षीस जाहीर केलं होतं. जे.आर.डी. कराचीहून निघाले, अ‍ॅस्पी इंजिनिअर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा लंडनहून निघाला. वाटेत इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अ‍ॅस्पी स्पार्क प्लगसाठी अडकला होता. जे.आर.डीं.नी आपल्याजवळचे दिले. शर्यत अ‍ॅस्पीने जिंकली. हाच मुलगा पुढे भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जे.आर.डी. कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या थैल्या घेऊन जुहूला उतरले. विमान होतं पस मॉथ, फार तर तिघांचं. पुढच्या एअर इंडियाचं मूळ हे. आता आम्हा चिखलीकरांना आवडेल अशी गोष्ट सांगतो. पावसाळ्यात जुहूची धावपट्टी पाण्याखाली जायची, नुसता चिखल. त्यामुळे टाटांची विमानसेवा पावसाळ्यापुरती चक्क पुण्याला हलायची. म्हणजे पाऊस पडला की मुंबईचं विमान पुण्याहून. वीज गेल्यावर शेजारच्या घरी अभ्यासाला जावं तसं.

आणि घरच्यांचं काय? १९३६ साली सरला ठकराल यांनी वयाच्या एकविसाव्या वर्षी जिप्सी मॉथ एकटीने उडवलं. अंगावर साडी, घरी चार वर्षांची मुलगी. त्यांच्या सासरी बरेच जण वैमानिक होते, आणि शिकायला प्रोत्साहन घरच्यांचंच होतं. म्हणजे विमान ही घरात सगळ्यांनी मिळून करायची गोष्ट आहे, असं मानणारी घरं या देशात तेव्हाही होती. फक्त ती मोजकी होती आणि पैसेवाली होती. संस्थानिकही होते. कोल्हापूरचा विमानतळ १९३९ साली राजाराम महाराजांच्या काळात झाला. प्रश्न होता तो त्यांच्यानंतर कोण, हा.

सोलापूरचा माणूस आणि कोल्हापूरचा माणूस

इथे सोलापूरचे वालचंद हिराचंद येतात. १९३९ साली अमेरिकेहून परतताना त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन विमान-व्यावसायिकाशी पडली. बोलण्याबोलण्यात भारतात विमानाचा कारखाना काढायचा विषय निघाला. म्हैसूर संस्थानाने बंगळुरात जमीन आणि भांडवल दिलं, आणि डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. युद्ध पेटलेलं होतं. १९४२ मध्ये सरकारने कारखाना ताब्यात घेतला. आजचं हिंदुस्तान एरोनॉटिक्स, म्हणजे एचएएल, ते हेच.

त्या कारखान्यात अगदी सुरुवातीपासून एक माणूस होता. विष्णू माधव घाटगे. जन्म १९०८, कोल्हापूर जिल्ह्यातलं हसूर. जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली डॉक्टरेट. प्रांट्ल म्हणजे हवेच्या प्रवाहाच्या शास्त्रातलं जगातलं सगळ्यात मोठं नाव. पंखाला लागून जो हवेचा पातळ थर असतो त्याचा हिशेब कसा करायचा, हे त्यांनी जगाला शिकवलं. त्यांचा हा कोल्हापूरचा विद्यार्थी परत आला आणि बंगळुरात विमानाचे आराखडे काढायला बसला.

घाटग्यांच्या नेतृत्वाखाली झालेलं एचटी-२ हे शिकाऊ विमान १९५१ साली उडालं. पूर्ण भारतात आखलेलं आणि बांधलेलं. घानाच्या हवाई दलानेही ते घेतलं. मग १९५८ साली आलं आपलं आजचं नायक, 'पुष्पक'. हे फ्लाइंग क्लबांसाठीच होतं. अमेरिकेतल्या एरोन्का चीफ या विमानाच्या धर्तीवरचं, कापड मढवलेलं, पंख डोक्यावर, पुढे ९० अश्वशक्तीचं छोटं इंजिन. ताशी सव्वाशे ते दीडशे किलोमीटरच्या आसपास वेग. अशी सुमारे १६० विमानं बांधली गेली आणि देशभरच्या क्लबांत वाटली गेली. त्या पिढीतल्या कितीतरी वैमानिकांनी पहिला हात पुष्पकवरच बसवला.

आता नावाची गंमत बघा. पुष्पक विमानाबद्दल आपल्या आज्या काय सांगायच्या? त्यात कितीही माणसं बसली तरी एक जागा रिकामीच राहते. राम, सीता, लक्ष्मण, बिभीषण, सगळी वानरसेना, तरी अजून एकाला जागा. आणि एचएएलच्या पुष्पकात जागा किती? दोन. शेजारी शेजारी. एक शिकवणारा, एक शिकणारा.

माझ्या पोरीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. आपल्याकडे छोटं विमान आलं ते शाळा म्हणून आलं. देशाला वैमानिक हवे होते, हवाई दलाला आणि विमान कंपन्यांना. त्यासाठी सरकारने क्लबांना अनुदान दिलं, पुष्पक दिली. पोराने शिकावं, तास भरावेत आणि मोठ्या विमानावर नोकरीला लागावं. त्या हिशेबात आई, ताई आणि डबा कुठेच नव्हता. मी याला चूक म्हणणार नाही. नवा देश होता, परकीय चलनाची चणचण होती, साध्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. तिथे रविवारी फिरायला विमान द्या, असं कोण म्हणणार?

आणि विदर्भाचा आकाशाशी काहीच संबंध नव्हता असं समजू नका. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांनी विमानं रात्री निघायची आणि मध्यरात्री नागपूरला सोनेगावच्या धावपट्टीवर भेटायची. टपालाची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत जो तो आपापल्या गावी परत. मुंबई-नागपूर सरळ रेघ नकाशावर ओढून बघा, ती बुलडाणा जिल्ह्यावरून जाते. आमच्या आजोबांच्या पिढीने खळ्यात झोपताना रात्री जी घरघर ऐकली असेल, ती बहुतेक लोकांच्या पत्रांची होती.

चार खुर्च्या म्हणजे चार माणसं नव्हेत

आता तिकडे अमेरिकेत काय झालं ते बघू. १९५६ साली सेस्ना १७२ बाजारात आलं. चार जागा. आजवर ४४ हजारांहून जास्त बनली, जगात इतकं दुसरं कुठलंच विमान बनलं नाही. युद्धानंतर हजारो माणसं विमान शिकून घरी आली होती, गावोगावी धावपट्ट्या होत्या, पेट्रोल स्वस्त होतं. दाताचे डॉक्टर, शेतकरी, दुकानदार विमान घ्यायला लागले. घरचं विमान ही कल्पना तिथली.

पण तिथेही एक बारकी गोष्ट आहे, जी चित्रात दिसत नाही. सेस्ना १७२ च्या नव्या प्रकाराचं उड्डाणाच्या वेळचं जास्तीत जास्त वजन आहे ११५७ किलो. त्यातलं रिकाम्या विमानाचं साडेसातशेच्या वर. उरले अंदाजे चारशे. टाक्या पूर्ण भरल्या की इंधनाचेच दीडशेच्या घरात जातात. उरले अडीचशे. आता आपल्या घरातली चार मोठी माणसं घ्या, पंचाहत्तर किलोच्या हिशेबाने तीनशे. म्हणजे खुर्च्या चार असल्या तरी इंधन कमी भरा नाहीतर मेव्हण्याला घरी ठेवा. मोटारसायकलवर पाच जण बसवायची आपल्याला सवय. तिथे गाडी हळू चालते, इथे गाडी उठत नाही. किंवा उठते आणि बांधाच्या झाडापर्यंतच जाते.

त्यात आपलं ऊन. हे नीट समजून घेण्यासारखं आहे. हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाला ताकद कमी आणि पंख्याला पकड कमी. चिखली समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटरवर, आमचं पठारच तसं आहे. मे महिन्यात दुपारी पारा ४२ ला टेकला की इथली हवा जवळजवळ सतराशे मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते. महाबळेश्वर आहे साडेतेराशे मीटरच्या आसपास. म्हणजे विमान उभं चिखलीत, पण वागणार महाबळेश्वरच्याही वर असल्यासारखं. पोरांना सुट्टी मेमध्येच असते. जुलैत ढग खाली आलेले असतात, आणि हौशी वैमानिक सहसा डोळ्यांनी दिसेल तिथेच आणि दिवसाच उडतो. शनिवारी गेलात, रविवारी आभाळ भरलं, तर सोमवारची शाळा बुडली म्हणून समजा. शाळा बुडाली तर बुडू द्यावी. "आता निघूच, पोरांची शाळा आहे" या घाईने जगभर हौशी वैमानिकांचे जीव गेलेत, घरच्यांसकट. त्या घाईला विमानवाल्यांच्या जगात नावच आहे, घरी पोचण्याचा आजार.

मग कायदेशीर बाजू. खासगी वैमानिकाचा परवाना कुणीही काढू शकतो. वय १७ पूर्ण, दहावी पास, वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा आणि किमान ४० तास उड्डाण. व्यवसायाचा परवाना हवा तर २०० तास. खासगी परवान्यावर आपल्या माणसांना नेता येतं, पण त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. उडण्याआधी मार्ग कळवायचा आणि हवाई संरक्षणाचा मंजुरी क्रमांक घ्यायचा. अडचण कागदाची नाही. अडचण ही की हे ४० तास भरायचे कुठे, कोणत्या विमानात आणि कोणत्या इंधनावर?

इंधनाचं ऐकून तर मी थक्क झालो. मोठी विमानं जे वापरतात ते एक प्रकारचं रॉकेल आहे आणि ते आपल्याकडे मुबलक बनतं. पण छोट्या पिस्टन इंजिनाला वेगळं पेट्रोल लागतं, अ‍ॅवगॅस, रंगाने निळं. ते आपण आयात करायचो. देशात बनवलेलं अ‍ॅवगॅस इंडियन ऑइलने बाजारात आणलं ते सप्टेंबर २०२२ मध्ये. पुष्पक उडालं १९५८ ला, आणि त्या जातीच्या इंजिनांचं इंधन घरचं झालं चौसष्ट वर्षांनी! जिथे वंगणापासून इंजिनापर्यंत सगळं बाहेरून यायचं, तिथे क्लबांची विमानं हळूहळू शेडमध्ये जाऊन उभी राहिली यात नवल ते काय.

आपण कुणाची गोष्ट सांगतो?

आता थोडं नाजूक बोलतो. राग मानू नका.

मराठी माणूस आणि विमान म्हटलं की शंभरातले नव्वद जण कोणतं नाव घेतात? शिवकर बापूजी तळपदे. १८९५ साली गिरगाव चौपाटीवर त्यांनी मानवरहित विमान उडवलं अशी कथा. त्यावर २०१५ मध्ये हिंदी सिनेमाही आला. तळपदे होऊन गेले, अभ्यासू होते, यात शंका नाही. पण त्या उड्डाणाचा त्या वेळचा भरवशाचा पुरावा पुढे आलेला नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चं नाव या कथेसोबत जोडलं जातं, ते बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या अभ्यासकांनी १९७४ साली तपासलं. त्यांचा निष्कर्ष असा की ग्रंथ प्राचीन नाही, विसाव्या शतकातला आहे, आणि त्यातली विमानं उडूच शकत नाहीत.

आणि घाटगे? त्यांची विमानं उडाली. शेकडो माणसं त्यांत बसून शिकली. १९६५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तरी आमच्या शाळेत त्यांचं नाव मी एकदाही ऐकलं नाही, तळपद्यांचं मात्र दरवर्षी भाषणात ऐकलं. एक पुष्पक कथेतलं, एक कारखान्यातलं. कथेतल्या पुष्पकात सगळ्यांना जागा आहे, म्हणून ते आवडतं. कारखान्यातल्यात दोनच, वर वजनाचा हिशेब, म्हणून ते विसरलो. पण तिसरी जागा वाढवायची तर ती या दुसऱ्या पुष्पकातच वाढवता येते.

तसा प्रयत्न करणारा माणूस आपल्या काळात आहे. कॅप्टन अमोल यादव. जेट एअरवेजमध्ये वैमानिक होते. मुंबईत कांदिवलीला चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी विमान बांधलं. एकत्र कुटुंब, खाली घर, वर विमान. आपल्या आया गच्चीवर पापड वाळत घालतात, तिथे यांच्याकडे पंख. आणि जागा? सहा! फेब्रुवारी २०१६ मध्ये ते सुटं करून खाली उतरवलं आणि बीकेसीतल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडलं. घरी बांधलेल्या विमानाची नोंद कोणत्या नियमात बसवायची यावर बराच काळ गेला. नोव्हेंबर २०१७ मध्ये नोंदणी मिळाली. २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर त्याच्या उड्डाणाच्या चाचण्या झाल्या. पुढे काय होतं ते बघू. एक विमान उडणं आणि शंभर विकली जाणं यात फार अंतर असतं, हे वालचंद आणि घाटग्यांच्या गोष्टीतून कळतंच. पण गच्चीवर सहा खुर्च्यांचं विमान बांधणाऱ्याच्या मनात काय असेल, ते मला आमच्या घरच्या फोटोकडे बघून कळतं.

तर मग लोणार?

शेवटी पोरीला मी कागद घेऊन हिशेब करून दाखवला. चिखली ते लोणार सरळ रेघेत पन्नास किलोमीटर. पुष्पकने वीस-पंचवीस मिनिटं. पण चिखलीत धावपट्टी नाही, लोणारला नाही. जवळच्या धावपट्ट्या जालना आणि अकोला. म्हणजे विमानात बसायला आधी गाडीने तासभर उलटं जायचं, मग लोणारवर एक चक्कर मारून परत तिथेच उतरायचं. तेवढ्या वेळात गाडीने आपण मेहकरमार्गे लोणारला पोचून दर्शन घेऊन जेवायलाही बसलेलो असू.

ती म्हणाली, "मग इथे धावपट्टी का नाही?"

आता काय सांगणार? खामगावला १८७० साली रेल्वे आली, कापसासाठी. खामगाव-जालना मार्ग चिखलीवरून जावा ही मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे, सर्वेक्षणं होतात, निवेदनं दिली जातात, आंदोलनं होतात. ज्या गावात अजून आगगाडीची शिट्टी वाजली नाही, त्या गावातली पोरगी धावपट्टी मागते. लोक हसतील. मीही हसलोच होतो.

पण १९२९ ला जुहूच्या चिखलात उभं राहून कुणी म्हटलं असतं की टपाल विमानाने येईल, तर लोक हसलेच असते. हसू नये म्हणून मी तिला एक गोष्ट सांगितली. १९८२ साली जे.आर.डी. ७८ वर्षांचे होते. पहिल्या टपालाला पन्नास वर्षं झाली म्हणून ते पुन्हा कराचीला गेले, जुन्या लेपर्ड मॉथ विमानात एकटे बसले आणि जुहूला येऊन उतरले. हौस होती म्हणून.

पोरीने कागद उलटा केला आणि मागे विमान काढलं. चार खुर्च्या. मग थोडा विचार करून पाचवी काढली. मी विचारलं, ही कुणाची? म्हणे, आजीची, ती त्या फोटोत नीट बसलीच नव्हती.

तिला मी एवढंच सांगितलं की आजीचं वजन विचारून घे, हिशेबात धरावं लागेल.

चला तर मंडळी, आज इथेच थांबतो. तुमच्या घरी यात्रेतल्या विमानातला फोटो असेल तर त्यात कोण कोण बसलंय ते जरूर कळवा. पुढच्या भागात भेटूच. नमस्कार.